भिंगातली पाठराखीण

मटणाच्या दुकानासमोर उभं राहून नुसते डोळे मागणारी बाई नांदेडात तेव्हा मी एकटीच असेन. पीएचडीचं पहिलं वर्ष होतं. दर मंगळवारी सकाळी सातला बर्फ भरलेला डबा घेऊन मी इतवारा भागातल्या एका दुकानात जायची. दुकानदार साठीचे, पांढऱ्या दाढीचे. मी त्यांना चाचा म्हणायची. पहिल्या दिवशी त्यांनी हातातली सुरी खाली ठेवली आणि माझ्याकडं नीट पाहिलं.

“आँखां काय कू बेटा? भेजा लेके जाओ, पाये लेके जाओ.”

मी मोतीबिंदूचा अभ्यास करते, त्यासाठी लागतात, असं मी सांगितलं.

“बकरे कू मोतियाबिंद होता?”

“बकऱ्याला नाही चाचा, माणसाला. पण माणसाचे डोळे मला कोण देणार?”

ते हसले नाहीत. त्यांनी मान डोलावली. पुढच्या मंगळवारपासून माझे डोळे धुऊन, वेगळ्या पिशवीत बांधून तयार असायचे. वर सांगायचे, “जवान बकरे के हैं, एकदम साफ.”

प्रयोगशाळेत येऊन मी एकेक डोळा उघडायची. बारीक चीर दिली, अंगठ्यानं हलकेच दाबलं, की आतलं भिंग अलगद बाहेर यायचं. मोठ्या वाटाण्याएवढं, पाण्यासारखं स्वच्छ. एकदा मी ते वर्तमानपत्रावर ठेवलं, तर त्याखालची अक्षरं फुगून वाचता आली. हे भिंग म्हणजे दाटीवाटीनं बसलेली प्रथिनं. शरीरातल्या बाकी ठिकाणी जुनं प्रथिन जातं, नवं येतं. इथं तसं नाही. भिंगाच्या मध्यभागी जे प्रथिन आईच्या पोटात असताना तयार झालं, तेच मरेपर्यंत वापरायचं. त्यात पाण्यातून, धुरातून, खाण्यातून तांबं, जस्त, शिसं असे धातू कणाकणानं येत राहतात. धातू चिकटला की प्रथिनाची घडी विस्कटते, विस्कटलेली प्रथिनं एकमेकांत गुंततात आणि भिंग दुधाळ होतं. पण त्याच भिंगात आणखी एक प्रथिन असतं, अल्फा क्रिस्टॅलिन. कुणाची घडी मोडायला लागली की ते त्याला धरून ठेवतं, गुंतू देत नाही. तांब्यालाही स्वतःकडं ओढून घेतं. हे सगळं काचेच्या नळीत करून दाखवायचं, हे माझं काम.

सांगायला सोपं. पण पहिले आठ महिने माझा एकही प्रयोग नीट झाला नाही. ज्या नळीत धातू घातलाच नव्हता, तीही दुधाळ व्हायची. कोरी नळीच खराब, तर बाकीच्यांना काय अर्थ? मी प्रथिनं पुन्हा पुन्हा काढली, काच घासून घासून बोटं सोलली. शेवटी माझ्या मार्गदर्शक मॅडमनी एक दिवस विचारलं, “पाणी कुठलं वापरतेस?” मी म्हटलं, आपल्याच यंत्रातलं ऊर्ध्वपातित पाणी. त्यांनी यंत्र उघडायला लावलं. आतली नळी तांब्याची होती आणि जुनी होऊन हिरवी पडली होती. आठ महिने मी स्वतःच्या हातानं प्रत्येक नळीत तांबं ओतत होते. त्या दिवसापासून नळी दुधाळ दिसली की मी आधी पाण्यावरच संशय घ्यायची.

घरी आत्या असायची.

माझी आई मी दोन वर्षांची असताना गेली. वडलांची थोरली बहीण, म्हणजे आत्या, नवरा वारल्यावर माहेरी आली होती. तिनंच मला वाढवलं. वडलांचं उदगीरला धान्याच्या मोंढ्याच्या रस्त्यावर बॅटरी दुरुस्तीचं दुकान होतं. ट्रकच्या, ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या यायच्या. दुकानामागच्या पत्र्याच्या शेडमध्ये आत्या शिसं वितळवायची आणि बॅटरीच्या वर बसणारे खुंट साच्यात ओतायची. तोंडाला पदर बांधलेला, डोळे बारीक केलेले. लोखंडी पळीत शिसं पाऱ्यासारखं हलायचं. ते बघायला मी जवळ गेले की ती न बघता ओरडायची, “सर तिकडं, माय! ह्ये तुझ्यासाठी न्हाई.” मी शाळेतून आले की दारात बसून अभ्यास करायची आणि ती शेडमधून विचारायची, आज काय शिकवलं. तिला स्वतःला सही करण्यापुरतंच लिहिता यायचं.

मी एम.एस्सी. करत असताना वडील गेले. दुकान बंद झालं. पीएचडीला प्रवेश मिळाल्यावर मी आत्याला नांदेडला माझ्या दोन खोल्यांत घेऊन आले. ती यायला तयार नव्हती. “तुझ्या गळ्यात धोंड कशाला?” म्हणाली. पण आली. आल्या आल्या तिनं स्वयंपाकघरातल्या प्रत्येक वस्तूची जागा ठरवून टाकली. मिठाचा डबा इथं, तेल तिथं, गाळणी या खिळ्याला. मी काही हलवलं तर चिडायची. मला वाटलं, वयाचा स्वभाव.

पाण्याचा घोटाळा सापडला त्या आठवड्यातली गोष्ट. ती ताटात तांदूळ घेऊन निवडत बसली होती. मी तिला माझं काम समजावून सांगत होते. खरं तर मीच मला समजावत होते. इंग्रजीत या प्रथिनाला चॅपरोन म्हणतात, असं मी म्हटलं.

“मंजी काय?”

“म्हणजे सोबत राहणारं. सांभाळणारं. मराठीत नेमका शब्द नाही.”

“कामून न्हाई? पाठराखीण म्हण की.”

मी वही खाली ठेवली. नवी नवरी पहिल्यांदा सासरी जाते तेव्हा माहेरची एक बाई काही दिवस तिच्यासोबत जाते, ती पाठराखीण. आत्या आमच्या भावकीतल्या तीन मुलींची पाठराखीण होऊन गेली होती. मी विचारलं, तिथं जाऊन करायचं काय असतं?

“काईच न्हाई. जवळ बसायचं. शिरूर अनंतपाळकडं एका खेड्यात गेली होती मी. पोरगी लई नाजूक. भाकरी करताना हात कापायचे तिचे. ती मोडाय लागली की मी नुसता हात धरायची. बास. आन् त्या घरात एक चुलत सासू व्हती, लई टोचून बोलायची. तिला मी माझ्याकडंच गुतवून ठिवायची. हिकडच्या तिकडच्या गप्पा. पोरीपर्यंत जाऊच द्यायची न्हाई.”

“मग तुला त्रास व्हायचा नाही?”

“व्हायचा की. पण मी कितीक दिवस ऱ्हानार हाय तिथं? सोसायचं. तवर पोरगी रुळायची.”

मी ते सगळं तसंच्या तसं वहीत लिहून घेतलं. ती बोलत असताना तिची बोटं तांदळात फिरत होती. खडा लागला की चिमटीत धरून बाजूला. ती ताटाकडं बघतच नव्हती. हे मी पाहिलं होतं. पाहूनही मला काही सुचलं नाही.

नवं पाणी आलं आणि दोन महिन्यांत प्रयोग जमला. एका नळीत नुसतं प्रथिन आणि तांबं, ती अर्ध्या तासात दुधाळ. दुसरीत तेच प्रथिन, तेवढंच तांबं, पण अल्फा क्रिस्टॅलिन घातलेलं. ती तासाभरानंतरही स्वच्छ. मी तीन दिवस तोच प्रयोग करून बघत राहिले. मॅडम सहसा कौतुक करत नाहीत. त्यांनी नळी उजेडात धरली आणि म्हणाल्या, “आता घरी जा. झोप.”

झोपण्याऐवजी मी रविवारी सकाळी आत्यालाच प्रयोगशाळेत घेऊन आले. ती नवी नऊवार नेसून आली होती. चपला दाराबाहेर काढल्या. मी म्हटलं, काढायच्या नसतात इथं. तिनं ऐकलं नाही. मी तिला स्टुलावर बसवलं, तिच्यासमोर प्रयोग लावला आणि अर्ध्या तासानं दोन्ही नळ्या खिडकीसमोर धरल्या.

“सांग आत्या, दोन्हींत काय फरक आहे?”

ती पुढं झुकली. एकीकडं पाहिलं, दुसरीकडं पाहिलं. मग माझ्या चेहऱ्याच्या दिशेनं पाहिलं, मला काय ऐकायचंय याचा अंदाज घेतल्यासारखं.

“दोन्ही दुधाळच हायेत की गं.”

लिहायला लाज वाटते, पण खरं ते लिहिते. मी आधी नळीच बघितली. पुन्हा पाणी बिघडलं, पुन्हा तांबं आलं, हेच माझ्या मनात आलं. नळी स्वच्छ होती. माझी बोटं तिच्यातून आरपार दिसत होती. मी पुन्हा आत्याकडं पाहिलं. खिडकीचा उजेड सरळ तिच्या डोळ्यांवर पडला होता आणि दोन्ही बाहुल्यांत मागून राखाडी, तपकिरी झाक होती. वर्षभर मी रोज पुस्तकांत जे चित्र बघत होते, ते माझ्यासमोर स्टुलावर बसलं होतं.

“आत्या, मी कुठल्या रंगाचा कुर्ता घातलाय?”

तिनं पदर सारखा केला.

“आत्या.”

“मला काय म्हाईत. सकाळी तू सांगितलं न्हाईस.”

मी नळ्या ठेवल्या आणि तिच्यासमोर खाली बसले. मला सगळं एकदम आठवायला लागलं. डब्यांच्या ठरलेल्या जागा. बस आली की दुसऱ्या बाईला “कुठली हाय गं?” विचारणं. जिन्यात माझा दंड धरणं. दारात कुणी आलं की ते बोलेपर्यंत न बोलणं.

“कधीपासून?”

“झालं की दोन-तीन वर्स. तुझा बाप व्हता तवाच उजवा गेला व्हता.”

“मग सांगितलं का नाहीस?”

“तुझं ते काम चालू व्हतं. पाणी बिघडलं म्हून तू रडून राहिली व्हतीस. त्यात माझं कुटं काढू? आन् सांगितलं असतं तर तू सगळं टाकून मला घिऊन पळली असतीस.”

“पळायलाच पाहिजे होतं!”

“म्हूनच न्हाई सांगितलं,” ती म्हणाली. मग हात पुढं करून तिनं माझं डोकं शोधलं आणि त्यावर हात ठेवला. “रडू नको. लोक बगतील.” प्रयोगशाळेत आम्ही दोघीच होतो.

दुसऱ्या दिवशी नांदेडच्या डॉक्टरांना दाखवलं. ते म्हणाले, मोतीबिंदू फार पिकलाय, दगडासारखा घट्ट झालाय, लातूरला एक वयस्कर डॉक्टर असल्या अवघड डोळ्यांची ऑपरेशनं करतात, त्यांच्याकडं न्या. साखर तपासली, रक्तदाब तपासला, दोन आठवड्यांनंतरची तारीख मिळाली.

त्या दोन आठवड्यांत एकच प्रश्न माझ्या डोक्यात होता. मी तो मॅडमना विचारला. माझ्या आत्यानं वीस वर्षं शिसं ओतलंय. धातू भिंगात काय करतात यावर मी प्रबंध लिहितेय. हे त्यामुळंच झालं ना?

मॅडम म्हणाल्या, “झालं असेल. चुलीच्या धुरानंही झालं असेल, उन्हानं झालं असेल, साखरेनं, वयानं. एका माणसावरून सांगता येत नाही. तुला ते माहीत आहे.”

माहीत होतं. पण माझी पुस्तकं, माझ्या शाळेचे कपडे त्या शेडमधून आले होते, हेही मला माहीत होतं. मी घरी येऊन आत्यापुढं बोलून गेले, की माझ्यामुळं तुझे डोळे गेले.

ती ताडकन म्हणाली, “शिसं मी माझ्या भावाच्या दुकानात ओतलं. माझ्या हातचा खुंट कधी हलला न्हाई, उदगीरच्या डायवरांना इचार. त्येचं पाप तू कामून घेतीस डोस्क्यावर?” थोड्या वेळानं आवाज खाली आणून तिनं विचारलं, “तुझ्या त्या नळीतलं औषध माझ्या डोळ्यात घातलं तर उतरंल का ह्ये?”

ते औषध नाही, असं मी सांगितलं. ते प्रथिन आधीपासून सगळ्यांच्या भिंगात असतं. वर्षानुवर्षं सांभाळून सांभाळून तेच संपत येतं. एकदा दूध झालेलं भिंग त्यानं पुन्हा स्वच्छ होत नाही.

“मंजी माझं संपलं.”

“हो. पण साठ वर्षं पुरलं.”

“मग लई झालं की,” ती म्हणाली आणि कणीक मळायला लागली.

लातूरला आम्ही एसटीनं गेलो. तिला खिडकी हवी होती. मी म्हटलं, तुला दिसत नाही तर खिडकी कशाला? म्हणाली, वारं लागतं. लोहा गेल्यावर तिनं विचारलं, बाहेर काय हाय? सोयाबीन निघालंय, तूर फुलावर आहे, असं मी सांगितलं. मग पुढं काय? एक बाई दोन शेरडं घेऊन चाललीय. मग? अहमदपूर आलं, चाकूर आलं, लातूरपर्यंत मी बोलतच राहिले. विटांची भट्टी, निळ्या ताडपत्रीखालचा कडबा, रस्त्याच्या कडेला पडलेली उसाची मोळी. लहानपणी तिनं मला जेवढं बोलायला लावलं होतं, तेवढं त्या चार तासांत मी पुन्हा बोलले.

ऑपरेशनच्या आदल्या संध्याकाळी मी डॉक्टरांना माझं काम सांगितलं. ते खूश झाले. हे भिंग फोडून ओढता येणार नाही, अख्खंच काढावं लागेल, असं म्हणाले. माझ्या ओठांवर आलं होतं, ते मला द्याल का; पण बघायला मिळेल का, एवढंच मी विचारलं. मी मॅडमना फोन केला. त्या म्हणाल्या, “माणसाचा नमुना आहे. परवानगीशिवाय प्रयोगशाळेत आणायचा नाही. आणि तू तिची भाची आहेस. उद्या तरी फक्त भाची राहा.”

आत्याला आत नेताना तिनं माझा हात सोडला नाही. परिचारिकेनं समजावलं तेव्हा सोडला. पाऊण तासानं डॉक्टर बाहेर आले. त्यांच्या हातात ओल्या जाळीच्या कापडावर आत्याचं भिंग होतं. “बघायचं होतं ना तुम्हाला?”

गुळाच्या खड्यासारखं होतं ते. तपकिरी, कडक, एका कडेला जवळजवळ काळं. शेकडो बकऱ्यांची भिंगं मी या हातांनी काढली होती, पण असलं कधी पाहिलं नव्हतं. त्याच्या मधला भाग आत्या जन्माला यायच्या आधीपासून तिच्यासोबत होता. त्यातून तिनं आपली आई पाहिली, नवरा पाहिला, वितळलेलं शिसं पाहिलं, दारात बसून पाढे म्हणणारी मी पाहिली. मी ते तळव्यावर घेतलं नाही. कापडासकट पाहिलं, आणि परत दिलं.

दुसऱ्या दिवशी पट्टी सोडली. ती बराच वेळ डोळा मिचकावत राहिली. डॉक्टरांनी विचारलं, काय दिसतंय? म्हणाली, “तुमच्या मिशा.” मग माझ्याकडं वळली. मी तयारीत होते, पण ती एवढंच म्हणाली, “किती वाळलीस गं. खात न्हाईस का?”

तपासणीसाठी आठवड्यानं पुन्हा लातूरला जावं लागलं. डॉक्टरांनी सगळं ठीक आहे म्हटल्यावर आम्ही गंजगोलाईच्या बाजारात गेलो. काळा चष्मा लावून ती पुढं आणि मी मागं. एका साड्यांच्या दुकानात ती आपणहून शिरली. कित्येक वर्षांत तिनं स्वतः साडी निवडली नव्हती, मी आणेन ती नेसायची. दुकानदारानं उघडल्या तेवढ्या साड्यांवरून ती हात न फिरवता नुसती बघत होती. मग एका साडीवर थांबली आणि चष्मा वर केला.

“ह्यो निळा हाय ना?”

“हो.”

“खरा निळा?”

“हो आत्या.”

“मग आपल्या उदगीरच्या विहारावरचा झेंडा असाच हाय की. मला तो राखाडी दिसायचा. मला वाटलं, उन्हानं रंग उडला, नवा कुनी लावत न्हाईत. जयंती समितीच्या पोरांना मी शिव्या दिल्या, गं.”

तपकिरी झालेलं भिंग निळा रंग आधी गाळून टाकतं, हे मी प्रबंधाच्या कुठल्याशा प्रकरणात लिहिलेलं होतं. तिथं उभी राहून मला ते वाक्य आठवलं आणि कुणाला तरी दाखवावंसं वाटलं. पण दुकानदार साडीची घडी घालत होता आणि आत्या त्याला घडी नीट घाल म्हणून रागावत होती.

दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन उन्हाळ्यानंतर झालं. प्रबंध पुढच्या वर्षी पूर्ण झाला. आता मी लातूरच्या एका महाविद्यालयात शिकवते आणि आत्या माझ्याजवळ असते. पण मला सगळ्यांत जास्त आठवते ती पहिल्या ऑपरेशननंतरच्या एप्रिलातली जयंती. आम्ही उदगीरला गेलो होतो. ती नवी निळी साडी नेसून आत्या गल्लीत उतरली. तीन वर्षं जिनं सगळ्यांना आवाजावरून ओळखलं होतं, ती आता एकेकीसमोर उभी राहून, हनुवटीला धरून तोंड बघत होती. “म्हातारी झालीस की गं तू!” एकीला म्हणाली. दुसरीला म्हणाली, “तुझे दात कवा पडले?” कुणाला राग आला नाही. बायका हसत होत्या आणि आपली पाळी येईपर्यंत उन्हात थांबत होत्या.